दोन अंगठ्यांची रीत

“डोळे मिटा. आणि फटीतून बघायचं नाही, सांगून ठेवते.”

वैद्यांनी डोळे मिटले आणि उजवा हात शिलाई मशीनच्या फळीवर उताणा ठेवला.

“टोचलं?” बायकोने विचारलं.

“टोचलं की.”

“कुठं?”

“अंगठ्याला. चांगलं जोरात टोचलंस.”

“अहो, सुई अजून माझ्या सुयांच्या उशीतच खोचलेली आहे!”

वैद्यांनी डोळे उघडले. पंचावन्न वर्षांचा माणूस शाळकरी पोरासारखा पकडला गेला होता. बायको मात्र हसली नाही. ती घरी लोकांचे पडदे आणि अभ्रे शिवायची, त्यामुळे सुया टोचून घ्यायची तिला सवय होती. न टोचताच ‘टोचलं’ म्हणणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. दहा मिनिटांपूर्वी याच माणसाने उतू जाणारं दुधाचं पातेलं उघड्या हातांनी उचलून शांतपणे ओट्यावर ठेवलं होतं आणि वर “साखर कुठाय?” असं विचारलं होतं. आता तळव्यावर फोड टरारून आला होता.

“किती दिवस झाले?”

“झाले असतील दोनेक महिने.”

“खरं सांगा.”

“आठ.”

साखरेचा आजार अकरा वर्षांचा. पावलांची जाणीव तर केव्हाच गेली होती. पायात चपला आहेत की नाहीत हे वैद्यांना खाली बघून कळायचं. पण पायांनी काही रबर मिसळायचं नसतं, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. मग एक दिवस डावा अंगठा बधिर झाला आणि मागोमाग उजवा. हे मात्र त्यांनी इतकं मनावर घेतलं की कुणाला सांगितलंच नाही.

“आज कामावर सांगून टाका,” बायको म्हणाली. फोडावर मलम लावताना ती नको तितकी हळू लावत होती, आणि त्यांना तेही कळत नव्हतं.

“आज मॅडमची चाचणी आहे. ही एवढी होऊ दे.”

“मग?”

“मग बघू.”

हे ‘बघू’ बायकोच्या चांगलं ओळखीचं होतं. तिने मलमाचं झाकण लावलं आणि पडद्याला दुमड घालायला बसली.

वैद्य हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. ते नाव कारखान्यात पडलं होतं. तिथे यंत्रांच्या पायांखाली बसवायचे रबरी ठोकळे बनत. पंप असो की जनरेटर, त्याची थरथर जमिनीत उतरू नये म्हणून खाली ठोकळा. या ठोकळ्याला दोन रबरं लागत. एक झाडाच्या चिकापासून केलेलं नैसर्गिक रबर; ते ताणाला चिवट, पण तेल लागलं की फुगून बसणारं. दुसरं रसायनांपासून केलेलं कृत्रिम रबर. ते तेलाला दाद देत नाही, पण ओढलं की लवकर हार मानतं. गिऱ्हाइकाला दोघांचे गुण एकाच ठोकळ्यात हवे असत, आणि या दोघांचं आपसांत मुळीच पटत नसे. वरवर मिसळल्यासारखी दिसत, पण ठोकळा यंत्राखाली चार आठवडे थरथरला की आत पापुद्रे सुटत.

ती पटवून घ्यायची रीत वैद्यांच्या अंगठ्यांत होती. मिल, म्हणजे रबर मळायचं यंत्र; तिच्या दोन लोखंडी रोलांमधून नैसर्गिक रबर पुन्हा पुन्हा फिरवलं की ते तापून मऊ पडतं. ते कमी मऊ झालं तर दुसऱ्यात गुठळ्या धरून राहतं, जास्त झालं तर नुसतं लडबडतं. कृत्रिम रबराचं शीट आधीच तयार करून टेबलावर पसरलेलं असे. वैद्य मिलवरून नैसर्गिक रबराचा पट्टा कापून त्याच्या शेजारी टाकत, एक अंगठा यावर, एक अंगठा त्यावर दाबत, आणि दोन्ही एकदम उचलत. दोन्ही रबरांनी अंगठे सारख्याच ओढीने धरले, सारख्याच सावकाशीने सोडले, की म्हणत, “चला, घाला एकत्र.” नाडी बघावी तसा हा प्रकार दिसे, म्हणून वैद्य. प्रयोगशाळेत मऊपणा मोजायचं यंत्र होतं, नाही असं नाही. पण तुकडा तिकडे नेऊन आकडा हाती येईपर्यंत वीस मिनिटं जात, आणि तेवढ्यात मिलवरचा माल काहीतरी वेगळाच होऊन बसे.

गेल्या आठ महिन्यांत ठोकळे परत येऊ लागले होते. कापून बघितले की आत पापुद्रे. साहेब लोकांनी चौकशी केली, आणि नैसर्गिक रबराच्या गाठीच हलक्या येतात असं ठरलं. वर्षानुवर्षं माल देणाऱ्या एका म्हाताऱ्या पुरवठादाराच्या गाठी दोनदा परत पाठवल्या. तिसऱ्यांदा मागवल्याच नाहीत. त्या बैठकीत वैद्यांनाही बोलावलं होतं. “मालात फरक वाटतो का?” असं विचारल्यावर ते “वाटतो थोडा” एवढंच म्हणाले होते. त्या दोन शब्दांनी त्यांची नंतर बरीच झोप खाल्ली.

आणि मग या मॅडम आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, रसायनशास्त्र शिकलेल्या, डोळ्यांवर जाड चष्मा. चार महिने त्या एकाच कामामागे हात धुऊन लागल्या होत्या. मधाच्या रंगाच्या चुऱ्याची एक पिशवी त्यांनी तयार केली होती. या पदार्थाच्या रेणूचं एक टोक एका रबराशी जुळतं, दुसरं टोक दुसऱ्याशी. मधे राहून तो दोघांना धरून ठेवतो. चुरा घातला की मऊपणा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

“म्हणजे मध्यस्थ!” मिलच्या मागच्या बाजूला काम करणारा रेडिओ म्हणाला होता. सकाळी पाळीवर आला की सुरू व्हायचा तो घरी जाईपर्यंत बंद व्हायचा नाही, म्हणून रेडिओ. चाळिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप. पण बोलण्याचा आवाज मिलच्या आवाजापेक्षा मोठा.

“दोन घाणे घ्यायचे आहेत, काका,” मॅडमनी त्या सकाळी वैद्यांना समजावून सांगितलं. “‘अ’ तुमच्या रीतीने, अंगठ्यांवर. ‘ब’ माझा चुरा घालून. गाठी त्याच, काजळी तीच, गंधक तेवढंच. शुक्रवारी बैठक आहे. तिथे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे.”

“माझा कशाला? तुमचा एकटा ठेवा की.”

“तुलना नको? उत्तम हाताने काय होतं ते आधी दिसायला पाहिजे.”

उत्तम हात. वैद्यांनी फोडाचा तळवा पँटला पुसला आणि मिल चालू केली.

‘अ’ घाण्याच्या वेळी त्यांनी दोन्ही अंगठे दाबले. आपण दोन लाकडी ठोकळे दाबतोय असं वाटलं. रबर खाली दबलेलं दिसत होतं, वर येताना दिसत होतं, पण धरतंय की सोडतंय याचा पत्ता नव्हता. त्यांनी आणखी चार फेऱ्या दिल्या, मग आणखी दोन, आणि अंदाजपंचे म्हणाले, “चला, घाला एकत्र.”

समोरून रेडिओने एकदाच त्यांच्याकडे बघितलं. काही बोलला नाही. रेडिओ बोलला नाही ही गोष्ट साधी नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन शेजारी येऊन बसला.

“वैद्यबुवा, एक बोलू?”

“तू विचारून बोलतोयस म्हणजे काहीतरी भयंकर असणार.”

“पूर्वी तुम्ही अंगठे टेकवायचात आणि बघायचात छताकडे. कधी माझ्याकडे. माझी थट्टा चालू असायची तुमची. आता तुम्ही डोळे फाडून अंगठ्यांकडेच बघता.” त्याने आवाज खाली आणला. “लागत नाही ना?”

वैद्यांनी घास तसाच हातात धरला. “कधीपासून कळलंय तुला?”

“तुम्हाला कळलं त्याच सुमारास.”

“कुणाला बोललास?”

“बायकोलासुद्धा नाही. माझ्या पोटात किती राहतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आठ महिने पोट दुखतंय माझं.”

वैद्यांना हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. ज्याच्या तोंडाला त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली, त्याने त्यांच्यासाठी तोंडाला कुलूप लावलं होतं.

“हे बघ,” ते म्हणाले, “मॅडमचा चुरा पास झाला की अंगठ्याचं कामच उरत नाही. मग कुणाला काय कळतंय? माझी तीन वर्षं राहिलीत. काढतो कशीतरी.”

“अंगठ्याचं मी बोलतच नाहीये. रोलचं बोलतोय. मी समोर उभा असतो, वैद्यबुवा. तुमचा हात रोलच्या किती जवळ जातो ते तुमच्यापेक्षा मला जास्त दिसतं. आत ओढला गेला तर तुम्हाला कळणारही नाही. मलाच ओरडावं लागेल.”

वैद्यांनी डब्याचं झाकण लावलं. भोंगा झाला, दोघं उठले, आणि ‘ब’ घाणा घेतला. चुरा पडताच शीट लगेच गुळगुळीत झालं. वैद्यांनी सवयीने अंगठे पुढे केले आणि मग मागे घेतले.

दाबयंत्रात तापवून पक्क्या केलेल्या रबराला ताणून तोडण्याआधी एक रात्र विसावा द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी वैद्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. मधे बारीक आणि टोकांना रुंद अशी पट्टी यंत्राच्या दोन चिमट्यांत धरायची, यंत्र ती ओढत जातं, आणि तुटते त्या क्षणाचा आकडा पडद्यावर थांबतो. ‘ब’ची पट्टी लांबच लांब होत गेली आणि अठराच्या जवळ जाऊन फाटकन तुटली. ‘अ’ची साडेअकरालाच तुटली, तीही एकदम नाही, एकेक पापुद्रा सोडत, जुन्या चपलेचा तळ उसवावा तशी. पाच पट्ट्या घेतल्या, पाचांची तीच गत.

मॅडमनी कागद पुढे सरकवला. “वाचा. तुमचं नाव नाही घातलं, पण अनुभव लिहिलाय.”

वैद्यांनी वाचलं. “‘अ’: हाताची रीत. कुशल कामगार, अनुभव अठ्ठावीस वर्षे. सरासरी ताण: साडेअकरा.”

“वाईट वाटून घेऊ नका, काका,” मॅडम मनापासून म्हणाल्या. “हाताला एक मर्यादा असतेच.”

वैद्य “बरं” म्हणून दारापर्यंत गेले. खोटं बोलायचं काहीच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात आठ महिन्यांत ते तरबेज झाले होते. गप्प राहिले की चुरा पास, मिल हातात, तीन वर्षं पगार. पण तो साडेअकराचा आकडा त्यांच्याने दाराबाहेर नेववेना. अठ्ठावीस वर्षांतले कितीतरी ठोकळे अजून कुठल्या कुठल्या यंत्रांखाली मुकाट काम करत होते. त्यांतला एकही साडेअकराचा नव्हता. एवढं सगळं आपणच आपल्या हाताने खोटं ठरवायचं, याचा त्यांना राग आला, आणि तो राग दुसऱ्या कुणावर काढायची सोय नव्हती.

ते परत आले. “मॅडम, हा आकडा खरा नाही.”

“पाच पट्ट्या घेतल्या आपण.”

“पट्ट्या बरोबर आहेत. हात खोटा आहे.” त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. “या अंगठ्यांना आठ महिने काही लागत नाही. काल मी अंदाजाने घाणा काढला. आठ महिने अंदाजानेच काढतोय. पापुद्रे माझ्यामुळे सुटले. परत पाठवलेल्या गाठींत काही खोट नव्हती.”

मॅडमनी चष्मा काढला. वाकून तळव्यावरचा फोड जवळून बघितला.

“म्हणजे माझे चार महिने,” त्या हळूच म्हणाल्या, “एका अंगठ्यापायी.”

“दोन,” वैद्य म्हणाले, आणि लगेच आपण हे बोलायला नको होतं असं त्यांना वाटलं. पण मॅडमच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या.

“काका, तुम्ही गप्प बसला असतात तर तुमचंही भागलं असतं आणि माझंही. मग का सांगितलंत?”

“तुमचा चुरा चांगला आहे. तो खऱ्या हाताशी लढून जिंकू दे. या हाताशी जिंकण्यात काय मोठेपणा? आणि त्या कागदावर माझी अठ्ठावीस वर्षं लिहिलीत तुम्ही. ती साडेअकराची नाहीत.”

मॅडमनी कागद उचलला, ‘अ’च्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि फोरमनना फोन केला.

फोरमन वाईट माणूस नव्हता. पण बधिर हाताचा माणूस मिलवर उभा राहू शकत नाही, हा नियम कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून नव्हता. त्याने वैद्यांचा पट्टे कापायचा सुरा मागून घेतला, त्याच मिनिटाला त्यांना मिलवरून उतरवलं, आणि थंड झालेली शीटं मोजून रॅकवर लावायचं काम दिलं. “डॉक्टरचा कागद आणा, मग पुढचं बघू,” तो म्हणाला, आणि त्यांच्या नजरेला नजर न देता निघून गेला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “सांगितलंत?”

“सांगितलं.”

“मग?”

“मिलवरून काढलं. रॅकवर टाकलंय. पगाराचं अजून नक्की नाही.”

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. काहीतरी मोठं बोलेल असं त्यांना वाटलं. “जेवायला वाढू?” ती म्हणाली. “वाढ,” ते म्हणाले. जेवताना तिने त्यांच्या ताटातलं सगळं आधी स्वतः बोट लावून बघितलं, गरम नाही ना म्हणून. त्यांना त्या क्षणी तिच्याविषयी फार माया वाटली.

नवा ‘अ’ घाणा घ्यायला मॅडमकडे दोनच दिवस होते. अंगठे रेडिओचे, आणि सांगणारे वैद्य. फोरमनने परवानगी दिली, पण वैद्यांनी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत पाऊल टाकायचं नाही या अटीवर. ते पट्ट्याबाहेर, हात मागे बांधून उभे राहिले. अठ्ठावीस वर्षांत मिल इतक्या लांबून त्यांनी कधी बघितली नव्हती. एवढी लहान असेल असं वाटलं नव्हतं.

रेडिओने अंगठे दाबले.

“काय लागतंय?” वैद्यांनी विचारलं.

“चिकट लागतंय.”

“ते आंधळ्यालाही कळेल. कुठलं जास्त धरतंय? आणि बोलू नकोस, नुसतं लक्ष दे.”

रेडिओने तोंड मिटलं, डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. मग हताश होऊन म्हणाला, “वैद्यबुवा, न बोलता मला काही लागतच नाही!”

“मग बोल बाबा.”

आणि रेडिओ सुरू झाला. उजव्याखालचं कसं आडमुठं आहे, दाबलं की उलट ढकलतंय. डाव्याखालचं कसं पडून राहतंय. आता तीन फेऱ्यांनंतर उजव्याने जरा मान खाली घातली. आता सोडतंय, पण झटका देऊन सोडतंय. मॅडम आधी नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांनी खिशातून वही काढली आणि भराभर लिहायला लागल्या. वैद्य ऐकतच राहिले. जे त्यांच्या अंगठ्यांना नेहमी कळत आलं होतं आणि त्यांना स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं, ते या बडबड्याच्या तोंडून धडाधड बाहेर पडत होतं.

पहिला घाणा हुकला. रेडिओ बोलण्याच्या भरात दोन फेऱ्या जास्त देऊन बसला. दुसऱ्याच्या वेळी तो बोलता बोलता एकदम थांबला. “दोन्ही सारखे सोडतायत,” तो म्हणाला. “वैद्यबुवा, कुठला अंगठा कुठला तेच कळत नाहीये.”

“चला,” वैद्य पट्ट्याबाहेरून म्हणाले, “घाला एकत्र.”

बैठकीच्या दिवशी सकाळी मॅडमनी त्या घाण्याच्या पट्ट्या तोडल्या. रॅकवरचं काम थांबवून वैद्य दारात उभे राहिले. रेडिओही काही ना काही निमित्त काढून आला होता. पहिली पट्टी लांबत गेली, लांबत गेली, आणि सतराच्या पुढे जाऊन एकाच आवाजात तुटली. बाकीच्या चारही त्याच्याच आगेमागे.

“माझा चुरा अजून थोडा वर आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते लपवलं नाही आणि मिरवलंही नाही. “आणि चुऱ्याला साखरेचा आजार होत नाही. बैठकीत तो मी मागणारच आहे, काका. पण आकडा आता बरोबर जाईल.” त्यांनी नवा कागद दाखवला. ‘अ’च्या ओळीत सतरा पूर्णांक दोन होते. खाली एक ओळ जास्त होती: परत केलेल्या गाठींत दोष आढळला नाही, पुरवठादारास तसे कळवावे. आणि मागे जोडलेल्या दोन पानांवर, रेडिओच्या शब्दांतली अर्धी बडबड गाळून, अंगठ्यांची रीत पायरीपायरीने लिहिलेली होती.

“तुटलेली पट्टी बघता?” त्यांनी चिमट्यातला तुकडा सोडवून पुढे केला.

वैद्यांनी तो घेतला. तुटलेल्या तोंडावरून सवयीने अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. पुन्हा फिरवला. रेडिओ दुसरीकडे बघायला लागला. मग वैद्यांनी डोळे मिटले, तुकडा वर उचलला आणि त्याचं तुटलेलं तोंड खालच्या ओठावरून सावकाश ओढलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठे पायरी नव्हती, कुठे पापुद्रा नव्हता.

“एकजीव आहे,” ते म्हणाले.

त्यांनी ओठाला लागलेली काजळी बाहीला पुसली, तुकडा मॅडमच्या नोंदीसाठी परत दिला आणि शीटं मोजायला रॅककडे गेले.